ओढ आटते तेव्हा

१८ जुलै २००१ रोजी फ्रान्समधल्या सेऊझच्या चुनखडीच्या कड्यावर ख्रिस शर्मा हा वीस वर्षांचा अमेरिकी तरुण एका मार्गाच्या शेवटच्या साखळीपर्यंत पोचला. जाँ-क्रिस्तोफ लाफाय याने १९८९ मध्ये बोल्ट ठोकून हा मार्ग आखून ठेवला होता. १९९६ मध्ये आर्नो पेती त्याचा खालचा टप्पा चढून गेला, पण त्याच्या वरचा भाग कोणाच्याही हाताला लागत नव्हता. शर्माने तो अनेकदा पडत, मध्ये सोडून देत आणि पुन्हा परत येत अखेर पूर्ण केला आणि त्याला ‘रिअलायझेशन’ हे नाव दिले. फ्रेंच मापाने ९ए+ या श्रेणीचा, सर्वांनी निःशंक मान्य केलेला जगातला हा पहिला मार्ग. प्रस्तरारोहणात त्या दिवशी त्याच्या पुढे कोणीच नव्हते.

आणि मग त्याची ओढच ओसरली. पुढे काय करायचे, आणखी अर्ध्या श्रेणीने अवघड मार्ग शोधत फिरायचे का, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. ते उत्तर काही वर्षांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर मिळाले. तिथे मिकेल रिएरा आणि त्याचे सोबती १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून एक वेगळाच प्रकार करत आले होते. समुद्रावर झुकलेल्या कड्यांवर ते दोरीशिवाय चढत. हात सुटला की थेट खाली पाण्यात. शर्माला या प्रकाराने झपाटले. बेटाच्या किनाऱ्याजवळ पाण्यात उभी असलेली ‘एस पोंतास’ ही दगडी कमान त्याने निवडली. तिच्या पोटाखालून जाणाऱ्या मार्गात एका ठिकाणी दोन्ही हात सोडून सुमारे दोन मीटरवरची पकड झेप घेऊन धरावी लागते. ही एक झेप साधायला त्याला पन्नासाहून अधिक प्रयत्न लागले. चुकलेल्या प्रत्येक प्रयत्नानंतर समुद्रात पडायचे, पोहत बाहेर यायचे, बूट आणि हात वाळवायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. २००६ मध्ये तो मार्ग पूर्ण झाला. दुसऱ्या कोणाला तो जमायला २०१६ उजाडले. त्या वर्षी स्लोव्हेनियाच्या येर्नेय क्रुडरने तो केला.

‘आता चढावेसेच वाटत नाही’ असे म्हणणारे चढणारे जगभर भेटतात, मुंब्र्याच्या कातळावरही भेटतात. सगळ्यांचे वाक्य एकच असले तरी त्यामागची कारणे निरनिराळी असतात. कोणाचे कुतूहल संपलेले असते. कोणी पडलेला असतो आणि त्याचा दोरीवरचा विश्वास गेलेला असतो. कोणाचे शरीर थकलेले असते. कोणी इतरांच्या अपेक्षांसाठी चढत असतो, तर कोणाचा नेहमीचा जोडीदार गाव सोडून गेलेला असतो. नेमके काय हरवले आहे हे आधी ओळखले, तर ते परत मिळवण्याची वाटही सापडते.

कंटाळा आणि धास्ती यांच्यामध्ये

शर्माच्या अनुभवाला मानसशास्त्रात एक जुना आधार आहे आणि तो प्रस्तरारोहकांच्या अभ्यासातूनच आला आहे. हंगेरियन वंशाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांना एक प्रश्न पडला होता: पैसा किंवा बक्षीस मिळत नसताना माणसे कष्टाचे, कधी कधी जिवावरचे काम इतक्या तन्मयतेने का करतात? त्यासाठी त्यांनी बुद्धिबळपटू, नर्तक, संगीतकार आणि शल्यचिकित्सक यांच्याबरोबर प्रस्तरारोहकांच्याही मुलाखती घेतल्या. १९७५ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच कंटाळा आणि चिंता हे दोन शब्द होते. आव्हान कौशल्याहून फार कमी असले की कंटाळा येतो आणि फार जास्त असले की धास्ती वाटते. या दोहोंमधल्या अरुंद पट्टीत माणूस काळवेळ विसरून कामात बुडून जातो. चढणाऱ्यांच्या बोलण्यात ही अवस्था पुन्हा पुन्हा येत होती: लक्ष पुढच्या पकडीपुरते उरते, पाय कुठे ठेवायचा ते लगेच कळते, स्वतःबद्दलचे विचार थांबतात.

शर्मा कंटाळ्याच्या बाजूला सरकला होता आणि खेळाचे स्वरूप बदलल्यावर परत मध्ये आला. खंडानंतर परतणारे बहुतेक जण मात्र दुसऱ्या टोकाला असतात. वर्षभर नोकरी, बाळंतपण, दुखापत किंवा परीक्षा यांत गेल्यावर शरीराची ताकद उतरलेली असते, पण डोक्यात जुनी श्रेणी पक्की बसलेली असते. पहिल्याच दिवशी माणूस जुन्या आवडत्या मार्गाखाली उभा राहतो, तिसऱ्या पकडीवर हात फुलून येतात आणि तो खाली उतरतो. असे दोन-तीन दिवस गेले की ‘आता आपल्याला जमत नाही’ हे मनात घर करते. इथे इच्छा मेलेली नसते. आव्हान आणि ताकद यांचा मेळ सुटलेला असतो, एवढेच.

‘हे मला जमेल’ हा भरवसा येतो कुठून, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी केला. १९७७ च्या त्यांच्या मांडणीनुसार या भरवशाचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे स्वतः पूर्ण केलेले काम. दुसऱ्याला करताना पाहणे आणि कोणी पाठ थोपटणे यांचाही उपयोग होतो, पण तो त्याखालोखाल. म्हणून अनुभवी प्रशिक्षक परतणाऱ्याला जुन्या श्रेणीहून दोन-तीन पायऱ्या खालचे मार्ग देतात, आणि तेही भरपूर. दिवसाच्या शेवटी सात-आठ मार्ग वरपर्यंत झालेले असले की पुढच्या रविवारी यायला वेगळे कारण लागत नाही. सोपे मार्ग चढताना पायांकडे लक्ष द्यायला उसंत मिळते. पाऊल आवाज न करता ठेवणे, वजन हातांवरून पायांवर घेणे, श्वास न रोखणे ही सगळी कौशल्ये अवघड मार्गावर झगडताना सहसा सुधारत नाहीत.

पडल्यानंतर

९ मे १९८९ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या ब्यूक्स इथे लिन हिल तयारीसाठी एक सोपा मार्ग चढून वर पोचली आणि खाली उतरवून घेण्यासाठी दोरीवर मागे रेलली. ती तेव्हा जगातल्या अव्वल स्पर्धकांपैकी एक होती. दोरी हार्नेसमधून ओवून गाठ पुरी करायचे काम मध्येच राहून गेले होते. ती वीस मीटरहून अधिक उंचीवरून खाली आली. झाडाच्या फांद्यांमुळे वेग कमी झाला म्हणून जीव वाचला; कोपर निखळले, पायाचे हाड मोडले. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या सिमाई इथे तिने ‘मास क्रितिक’ हा मार्ग पूर्ण केला आणि अमेरिकी मापाने ५.१४ए श्रेणी चढणारी ती जगातली पहिली स्त्री ठरली.

एका वर्षात असे परत येणे प्रत्येकाला जमावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. तरी या अपघातात एक उपयोगी गोष्ट आहे. त्याचे कारण स्पष्ट होते आणि त्यावरचा उपायही. जमीन सोडण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची गाठ, हार्नेसचे बक्कल, बिले (खालून जोडीदाराची दोरी सांभाळण्याच्या) उपकरणातली दोरी आणि कॅराबिनरचे कुलूप हाताने चाचपून पाहायचे, ही सवय आज जगभर शिकवली जाते. भीतीचे दोन भाग करता येतात. एक भाग खऱ्या धोक्याचा. तो तपासणीने आणि नीट साधनांनी कमी होतो. दुसरा भाग शरीराने धरून ठेवलेल्या आठवणीचा. दोरी व्यवस्थित आहे हे कळत असूनही बोल्टच्या वर गेल्यावर पाय लटपटतात, ते या दुसऱ्या भागामुळे. समजुतीच्या शब्दांनी तो जात नाही. थोड्या थोड्या सवयीने जातो.

म्हणून पडण्याचा सराव केला जातो. मागे झुकलेल्या कृत्रिम भिंतीवर, जमिनीपासून पुरेशा उंचीवर, भरवशाचा बिले देणारा खाली असताना आधी नुसते दोरीत बसायचे. मग बोल्ट कमरेशी असताना हात सोडायचे, नंतर बोल्ट गुडघ्याशी असताना आणि पुढे पावलाशी. खालच्याने झटका हलका व्हावा म्हणून किंचित वर उचलले जायचे असते, हे त्यानेही शिकून घ्यावे लागते. भीती जिथे वाढू लागते तिथेच थांबायचे आणि पुढच्या खेपेला तिथूनच सुरू करायचे. सह्याद्रीत मात्र हा सराव करू नये. आपला बेसॉल्ट थरांचा आहे. दोन उभ्या थरांच्या मध्ये गवताचे पट्टे आणि दगडी कट्टे येतात. भिंतीवर निरुपद्रवी ठरणारे दोन मीटरचे पडणे अशा कट्ट्यावर घोटा मोडायला पुरते. सह्याद्रीतल्या चढणाऱ्यांना वाटणारी भीती पुष्कळदा अगदी योग्य माहिती देत असते आणि तिचे ऐकायलाच हवे.

कोणासाठी चढायचे

१९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या बैठकीत प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे पैसे दिले आणि नंतर ते बंद केले. पैसे थांबल्यावर त्या गटाने मोकळ्या वेळात कोड्यांना आधीपेक्षा कमी वेळ दिला. जे काम ते आवडीने करत होते, त्याला मोबदल्याची सवय लागली होती. पुढे रिचर्ड रायन यांच्यासह डेसी यांनी याचा मोठा सिद्धांत उभा केला. टिकाऊ प्रेरणेला तीन गोष्टी लागतात, असे त्यांचे म्हणणे: आपण स्वतः निवडले आहे ही जाणीव, आपल्याला जमते आहे हा अनुभव आणि माणसांशी नाते.

यातली पहिली गोष्ट लिन हिलच्या पुढच्या वाटचालीत ठळक दिसते. स्पर्धा जिंकत असतानाच तिला कृत्रिम भिंतींवरच्या त्या वर्तुळात रस उरेनासा झाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने स्पर्धा सोडल्या आणि ती कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीला, जिथे तिने तरुणपणी चढाई केली होती तिथे, परतली. एल कॅपिटन हा तिथला सुमारे ९०० मीटरचा ग्रॅनाइटचा कडा. त्याची ‘नोज’ ही धार १९५८ मध्ये वॉरन हार्डिंग, वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर यांनी प्रथम चढली, तेव्हा अठरा महिन्यांत विभागलेले सुमारे ४५ दिवस लागले होते आणि जागोजागी मेखांना लटकून वर जावे लागले होते. दोरी फक्त पडल्यास वाचवण्यासाठी ठेवून सगळा मार्ग निव्वळ हातापायांनी चढणे नामवंतांनाही जमले नव्हते. १९९३ मध्ये ब्रुक सँडालच्या साथीने हिलने ते चार दिवसांत केले. १९९४ मध्ये परत येऊन तिने तोच मार्ग २३ तासांत, एका दिवसात, पुरा केला. पुढची अकरा वर्षे एका दिवसात तो तसा कोणालाही करता आला नाही. हे आव्हान तिच्यासमोर कोणत्याही आयोजकाने ठेवले नव्हते. ज्या दगडावर ती तरुणपणी चढली होती, तिथे तिने ते स्वतः ठरवले होते.

प्रस्तरारोहक बेथ रॉडन हिची गोष्ट याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. २००८ मध्ये तिने योसेमिटीतली ‘मेल्टडाउन’ ही चीर चढली. दहा वर्षे त्या मार्गाची पुनरावृत्ती झाली नाही. त्या यशानंतर मात्र दुखापतींची रांग लागली. वजन कमी ठेवण्याचा दबाव, शरीराबद्दलची लाज, सतत आणखी अवघड काही करून दाखवण्याची सक्ती याबद्दल ती नंतर मोकळेपणाने बोलली आणि २०२४ मध्ये तिचे आत्मकथन आले. श्रेणीचा आकडा बाजूला ठेवून, आईपणासोबत, आनंदासाठी चढण्याविषयी ती आज लिहिते. अव्वल खेळाडूने हे जाहीरपणे सांगणे फार मोलाचे आहे. ‘मला पूर्वीसारखे अवघड चढायचे नाही, पण चढायचे आहे’ असे म्हणण्याची परवानगी अनेकांना स्वतःकडूनच मिळत नाही.

बोटे मागे राहतात

कधी कधी ओढ आटण्याचे कारण मनात नसतेच. अनेक आठवडे पुरेशी विश्रांती न घेता सराव केला की झोप बिघडते, चिडचिड वाढते, नेहमीचे मार्गही जड वाटतात आणि भिंतीकडे जाण्याची इच्छा मरते. ही आळसाची लक्षणे नसून अतिश्रमाची आहेत. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडण्याचे परिणाम त्याहून गंभीर असतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र वैद्यकीय नाव दिले. त्यात पाळी थांबते, हाडे कमकुवत होतात, मन खचते. हलके असण्याला ज्या खेळात महत्त्व आहे, तिथे हा धोका जास्त. म्हणूनच आंतरराष्ट्रीय क्रीडा प्रस्तरारोहण महासंघाने २०२४ मध्ये स्पर्धकांच्या तपासणीचे नियम कडक केले. अशा वेळी प्रेरणादायी चित्रपट पाहून काही होत नाही. पोटभर जेवण, झोप आणि डॉक्टरांची भेट हाच उपाय.

परतणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्नायूंची ताकद पहिल्या वेळेपेक्षा लवकर परत येते, काही आठवड्यांत फरक जाणवतो. बोटांतल्या कंडरा आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे मात्र फार सावकाश सावरतात, त्यांना महिने लागतात. बोटाची पेरे दुमडून बारीक कडेला धरले की मुळाशी असलेल्या पट्ट्यावर मोठा ताण येतो. तो फाटताना ‘टक’ असा आवाजही ऐकू येतो. उत्साह परत आला, दंडही भरले, आणि सहाव्या आठवड्यात बोट गेले, असे पुष्कळांचे होते. पहिले दोन-तीन महिने मोठ्या पकडी, उघडा पंजा आणि चढाईच्या दोन दिवसांच्या मध्ये पुरती विश्रांती एवढे पथ्य पाळले, तर ती दुसरी आणि जास्त निराशाजनक सुट्टी टळते.

दोरीचे दुसरे टोक

प्रस्तरारोहक टॉमी कॉल्डवेल याने २००१ मध्ये घरच्या कामात यांत्रिक करवतीवर डाव्या हाताच्या तर्जनीचा पुढचा भाग गमावला. तो जोडला गेला, पण चढायला उपयोगाचा ठरणार नाही हे दिसल्यावर त्याने तो काढून टाकायला लावला आणि उरलेल्या बोटांनी नव्याने सराव केला. २००७ पासून तो एल कॅपिटनच्या सर्वांत गुळगुळीत भागातून, ‘डॉन वॉल’वरून, हातापायांनी चढता येईल असा मार्ग शोधत होता. त्याची धडपड एका चित्रफितीत पाहून केविन जॉर्जसन याने २००९ मध्ये मदतीची तयारी दाखवली. जॉर्जसन मोठ्या धोंड्यांवर चढणारा. एल कॅपिटनचा अनुभव त्याला नव्हता.

२७ डिसेंबर २०१४ रोजी दोघांनी सलग चढाई सुरू केली. हिवाळा मुद्दाम निवडला होता, कारण थंडीत बोटांना घाम कमी येतो आणि पकड चांगली बसते. पुष्कळदा ते रात्री, कपाळावरच्या दिव्यांच्या उजेडात चढत. पंधराव्या टप्प्यावर जॉर्जसन अडकला. कॉल्डवेलने तो टप्पा ओलांडला होता, पण जॉर्जसनची बोटे वस्तऱ्यासारख्या कडांवर पुन्हा पुन्हा फाटत होती. कातडी भरून यावी म्हणून तो मध्ये विश्रांती घ्यायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. असे सात दिवस गेले. दरम्यान कॉल्डवेल विसाव्या टप्प्यापर्यंत गेला. तिथून एकट्याने माथा गाठणे त्याच्या आवाक्यात होते, आणि सात वर्षांचे काम त्याने केव्हाच पुरे केले असते. तो थांबला आणि जोडीदाराला बिले देत राहिला. जॉर्जसनने पंधरावा टप्पा पार केला, मधले अंतर भरून काढले आणि एकोणिसाव्या दिवशी, १४ जानेवारी २०१५ रोजी, दोघे एकत्र माथ्यावर पोचले.

डेसी आणि रायन यांनी सांगितलेली तिसरी गोष्ट ती हीच. प्रस्तरारोहण एकट्याच्या कौशल्याचा खेळ वाटतो, पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणी असल्याशिवाय तो होत नाही. पहाटेच्या लोकलला कोणी वाट पाहत असेल, तर गादी सोडणे सोपे जाते. अनेकांची ओढ नेमकी जोडीदार लग्न होऊन, बदली होऊन किंवा परदेशी जाऊन दुरावल्यावर ओसरते, आणि ते स्वतःच्या इच्छाशक्तीला दोष देत बसतात. नव्या जोडीदाराची गरज असते तिथे निश्चयाचा उपयोग होत नाही.

महाराष्ट्रात गिर्यारोहण संस्थांनी चढणाऱ्यांना एकमेकांशी जोडण्याचे हे काम दीर्घकाळ केले आहे. १९५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘गिरिविहार’ने २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा भरवली, आणि त्यासाठी राबलेल्या स्वयंसेवकांत स्वतः चढणारेही होते. भिंतीवरचे मार्ग लावणे, नवशिक्यांना गाठी शिकवणे, बिले देणे यांतूनही खेळाशी नाते टिकते, आणि पुष्कळदा हातांची खाज तिथेच पुन्हा सुरू होते.

शिवाय इथे खंड हा अपवाद नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेसॉल्टवर शेवाळ असते, पाणी झरत असते, दगड सुटतात, चढाई थांबतेच. दरवर्षी प्रत्येक जण नव्याने सुरुवात करतो, आणि त्यामुळे परतण्याचे एक सोयीचे वेळापत्रक आपल्याकडे तयारच आहे. ऑक्टोबरात कातळ सुकला की बेलापूरच्या धोंड्यांवर जमिनीलगत हात-पाय मोकळे करायचे. हार्नेसची शिवण, दोरीचे सबंध अंग आणि स्लिंग हे सगळे या वेळी तपासून घ्यायचे. दमट कपाटात पावसाळा काढलेल्या साधनांवर डोळे मिटून भरवसा टाकू नये. नोव्हेंबरात वरून दोरी लावून सोपे मार्ग, एका दिवसात जमतील तेवढे. डिसेंबरात ओळखीच्या मार्गावर स्वतः पुढे राहून चढाई. जानेवारीच्या थंडीत तैलबैला, जीवधनजवळची वानरलिंगी किंवा खंडाळ्याची नागफणी यांपैकी जे आवाक्यात आणि मनात असेल ते, अनुभवी चमूसोबत. मार्चमध्ये कातळ तापू लागेपर्यंत साधारण पाच महिने हाताशी असतात, आणि जुन्या श्रेणीपर्यंत पोचायचे की नाही हे त्यातल्या तिसऱ्या महिन्यात ठरवले तरी चालते.